चार भोकांचा नवस

सरोजबाईंना खरं म्हणजे दुधी सोडायचा होता.

टिटवाळ्याच्या गणपतीसमोर त्या हात जोडून उभ्या होत्या. शेजारी थोरली नणंद रंगूबाई साक्षीला होत्या, आणि 'दुधी' हा शब्द सरोजबाईंच्या जिभेवर अगदी तयार होता. तेवढ्यात बाहेरच्या टपरीवरून आल्याच्या चहाचा वास आला. मनात चहा आला आणि तोंडातूनही तोच बाहेर पडला.

"देवा गजानना, ह्यांच्या पट्ट्याची चार भोकं आत जाईपर्यंत मी चहा सोडला."

बोलून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. देव होता तसाच होता. रंगूबाईंचे डोळे मात्र चांगलेच मोठे झाले होते.

"चहा?"

"दुधी म्हणायचं होतं हो, वन्सं."

"काय म्हणायचं होतं ते देव बघत नाही. काय म्हटलंस ते बघतो. चल आता, मागे रांग आहे."

नवसाची पद्धत तळेकरांच्या घरात जुनीच होती. रंगूबाईंनी ती परिपूर्ण केली होती. देवाकडे काही मागायचं तर काहीतरी सोडायचं, आणि सोडायचं ते मुळात आपल्याला न आवडणारं. धाकट्या भावाला, म्हणजे गुणाजींना, नोकरी लागावी म्हणून त्यांनी पडवळ सोडलं. त्याचं लग्न व्हावं म्हणून सुरण. त्याला मुलगा व्हावा म्हणून कारलं. स्वतःच्या गुडघ्यासाठी त्यांनी थोरल्या जावेशी बोलणं सोडलं होतं. गुडघा अजून दुखत होता, पण त्याबद्दल त्यांची देवाकडे तक्रार नव्हती. अशा घराण्यात आवडती वस्तू सोडणारी सरोजबाई ही पहिलीच, आणि तीही चुकून.

भोकांचं कारण असं, की गुणाजींचं पोट मोजायला दुसरं विश्वासाचं साधन उरलं नव्हतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून गुणाजी निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि तपकिरी चामड्याचा एक पट्टा मिळाला. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि पट्टा कमरेला आला. पट्ट्याला पाच भोकं होती. पहिल्या दिवशी तो मधल्या भोकात बसला. दोन वर्षांत बकलाची काडी एकेक भोक बाहेर सरकत टोकाजवळच्या शेवटच्या भोकात येऊन ठेपली. तिच्यापुढे पट्टा नव्हता, नुसती हवा होती. डॉक्टर म्हणाले, "चार इंच पोट उतरवा, नाहीतर साखर आणि प्रेशर, दोन्ही घरी राहायला येतील." पण घरातला वजनकाटा स्वयंपाकघराच्या लादीवर एक आकडा दाखवायचा आणि हॉलच्या लादीवर दुसरा, आणि गुणाजी नेहमी हॉलमध्ये उभे राहत. टेप लावावी तर पोट नेमकं कुठून सुरू होतं, याबद्दल त्यांची मतं स्वतंत्र होती. राहिला पट्टा. दोन भोकांत इंचभर अंतर, म्हणून चार भोकं.

नवस ऐकून गुणाजींना भरून आलं. दुसऱ्याच दिवसापासून ते चालायला लागले. रोज सकाळी ते स्टेशनपर्यंत चालत जात, गाडीवर दोन वडापाव खात आणि रिक्षाने परत येत. चाललं की भूक लागते, हा चालण्याचा दोष होता. त्याला ते काय करणार?

तीन आठवडे झाले. काडी जागची हलली नाही.

चहाशिवायच्या सरोजबाई हा प्रकार घरात कुणी पाहिलेला नव्हता. सकाळी साडेनऊपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, हे सून ऐश्वर्या पहिल्या आठवड्यातच शिकली. डोकं ठणकायचं ते वेगळंच. आणि गंमत अशी, की दिवसातून चार वेळा चहा टाकायचा त्यांनीच. सकाळी नवऱ्याला, मग सुनेला, दुपारी भजनी मंडळाला, संध्याकाळी येईल त्याला. आलं त्यांनीच किसायचं, उकळी त्यांनीच बघायची, आणि चव तेवढी घ्यायची नाही. त्यामुळे एकदा भजनी मंडळाने मिठाचा चहा प्यायला. घाबरून कुणी काही बोललं नाही, दोघींनी तर परत मागितला.

पळवाटा शोधून झाल्या होत्या. रंगूबाई कल्याणला पारनाक्यावर राहत, पण नवसाचा कारभार फोनवरून बघत.

"वन्सं, ऐश्वर्या म्हणते ग्रीन टी घ्या. नुसतं कोमट पाणी असतं हो, गवतावरून ओतल्यासारखं."

"टीला मराठीत काय म्हणतात?"

सरोजबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणतात काय?"

"चहा."

"मग?"

आठवड्याने दुसरा फोन.

"वन्सं, गवती चहाचा काढा चालेल ना? त्यात पावडर नाही, दूध नाही. झाड आहे ते. कुंडीतलं."

"नाव काय झाडाचं?"

"गवती चहा."

"आलं का नावात? मग चहाच तो. देव काय कुंडीत वाकून बघणार आहे? तू बोललीस चहा. शब्दाला महत्त्व, सरोज. आत काय आहे त्याला नाही."

सरोजबाईंनी फोन ठेवला. समोर खुर्चीच्या पाठीवर गुणाजींचा पट्टा लटकत होता. गुणाजी जेवून आत झोपले होते.

शब्दाला महत्त्व. ठीक आहे. त्यांचा दुसरा शब्द होता भोक. चार भोकं आत, असं त्या बोलल्या होत्या. इंच म्हणाल्या नव्हत्या, बोटं म्हणाल्या नव्हत्या. एका भोकापासून दुसरं भोक किती लांब असावं, याबद्दल देवाशी काहीही बोलणं झालेलं नव्हतं.

त्यांनी पट्टा हातात घेतला. शेवटचं भोक आणि त्याच्या अलीकडचं भोक, यांच्यामध्ये इंचभर कोरं चामडं पडून होतं. त्यात तीन भोकं आरामात बसली असती. मग त्या अलीकडच्या भोकाचा नंबर आपोआप चौथा. गुणाजींनी नुसतं एक इंच उतरायचं.

स्टेशनजवळ बसणाऱ्या चप्पलवाल्या मामांनी हे काम मिनिटात करून दिलं असतं. पण मामांची पेटी नेमकी गुणाजींच्या वडापावच्या गाडीसमोर होती, आणि मामांचं तोंड त्यांच्या हाताहून जलद चालायचं. तेव्हा घरीच.

प्रयोगाला सरोजबाईंनी गुणाजींचं एक जुनं पाकीट घेतलं. पहिल्या दुपारी दाभण. तांदळाची गोणी शिवायचं ते दाभण चामड्यातून आरपार गेलं. सरोजबाईंना आनंद झाला. बाहेर काढून बघतात तर भोक नाही. चामडं होतं तसं मिटलेलं. नुसतं टोचून चामड्याला काही होत नाही. त्यातला तुकडा काढून घ्यावा लागतो, नाहीतर ते झालं गेलं विसरून जातं. सरोजबाईंना चामड्याच्या या स्वभावाचं कौतुक वाटलं. त्यांना स्वतःला लग्नात सासूबाई मानपानावरून जे टोचून बोलल्या होत्या, ते अजून मिटलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी खिळा आणि खलातला बत्ता. खाली काहीतरी लाकडाचं हवं म्हणून पोळपाट. खिळा पाकिटातून गेला, पोळपाटातही गेला, आणि दोघं एकमेकांना धरून बसले. सांडशीने ओढून सोडवावे लागले. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक पोळीला मधोमध एक तीळ येऊ लागला.

"आई, हे डिझाइन आहे का?" ऐश्वर्याने विचारलं.

"वाफ नीट धरते," सरोजबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दुपारी त्यांनी स्वेटर विणायची सुई गॅसवर लाल केली. सुई पाकिटात लोण्यासारखी शिरली, आणि घरात असा काही वास सुटला की पाच मिनिटांत शेजारची दर्शना दारात.

"काकू, सुकट भाजताय का?"

"नाही गं."

"नाही, आज संकष्टी आहे ना, म्हणून विचारलं. आमचे हे म्हणाले, भाजत असतील तर थोडी मागून आण, उद्याला."

"कुकरची रिंग जळली," सरोजबाई म्हणाल्या आणि दार लावलं. भोक झालं होतं, पण ते इतकं बारीक आणि कडांना इतकं कडक, की त्यात काडी काय, मुंगीसुद्धा अंग चोरून गेली असती.

चौथ्या दिवशी त्यांनी ऐश्वर्याचं कागदाला भोकं पाडायचं मशीन काढलं. पाकीट त्याच्या तोंडात मावेना. ढकलत असताना ऐश्वर्या मागे येऊन उभी राहिली.

"आई, हे कागदाचं आहे. लेदरचा पंच वेगळा मिळतो. पण तुम्हाला कशाला हवाय?"

"भजनी मंडळाला."

"भजनाला पंच?"

"मृदंगाला गं. सैल झालाय."

"ऑनलाइन मागवू?"

"नको." दारात येणारं प्रत्येक पार्सल गुणाजी स्वतः फोडत. निवृत्तीनंतर तेवढंच एक ऑफिसचं काम त्यांच्याकडे राहिलं होतं.

म्हणून वन्संना भेटायला जाते असं सांगून सरोजबाई कल्याणला गेल्या, आणि वन्संना न भेटता बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या.

"शेठ, पंच आहे का?"

"कसला, मावशी? पत्र्याला भोक पाडायचं, लाकडाला, भिंतीला?"

"कातड्याला."

"कुणाच्या?"

"नवऱ्याच्या."

शेजारी बिजागऱ्या बघत असलेले एक गृहस्थ दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे पट्ट्याच्या हो," सरोजबाई म्हणाल्या.

"मावशी, पट्टा आधी म्हणत चला," शेठ म्हणाले आणि त्यांनी दोन वस्तू समोर ठेवल्या. एक होती पोलादी नळी, खालच्या तोंडाला धार. "हा ठोकायचा. खाली लाकूड ठेवायचं, वरून हातोडी, एक ठोका, तुकडा आत. आणि हा फिरकीचा. पकडीसारखा दाबायचा. ही फिरकी बघा, सहा तोंडं आहेत, बारीकपासून जाडपर्यंत. चामडं मध्ये धरलं, दाबलं, संपला विषय."

"आवाज होतो का?"

"अजिबात नाही. शेजारच्याला कळणार नाही."

"शेजारच्याचं नाही, आतल्या खोलीतल्याचं विचारते."

शेठनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "झोपलेल्यालासुद्धा कळणार नाही," ते म्हणाले, आणि पंच दोन कागदांत गुंडाळून दिला.

दुसऱ्या दुपारी गुणाजी घोरायला लागल्यावर सरोजबाईंनी पट्टा घेतला, फिरकीचं चौथं तोंड लावलं आणि दाबलं. टच्च. टिकलीएवढी चामड्याची चकती ओट्यावर पडली. मागे राहिलं एक गोल, स्वच्छ, गुळगुळीत भोक. सरोजबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकं मनासारखं काम संसारात फार दिवसांनी झालं होतं.

एकदम तीन पाडली तर संशय येईल, म्हणून त्यांनी आठवड्याला एक असं ठरवलं. मधल्या दिवसांत हात स्वस्थ बसेनात. चपलेच्या पट्ट्याला पाडलं, पाकिटाला ओळीने अकरा पाडली, आणि वन्संनी 'शुद्ध चामड्याची' म्हणून दिलेल्या पर्सला एक पाडलं तेव्हा आतून पुठ्ठा निघाला. चहाची तल्लफ आली की टच्च. डोकेदुखी थांबली नाही, पण डोक्याला काम मिळालं.

आणि गुणाजी? पोटामुळे गुणाजींना पट्टा दिसतच नसे. बांधायचा तो चाचपून, मोजायचा तो बोटांनी. मुळात पट्ट्याला किती भोकं आहेत, हे त्यांना कधी माहीत नव्हतं.

"सरोज!" पहिल्या आठवड्यात सकाळी ते बेडरूममधून ओरडले. "एक भोक आत!"

"खरंच?"

"चाचपून बघ! म्हटलं नव्हतं तुला, चालण्याने फरक पडतो?"

त्या आनंदात ते एक वडा जास्त खाऊन आले. दुसऱ्या आठवड्यात दुसरं भोक. त्या दिवशी त्यांनी सगळ्या चालणाऱ्या मंडळींना जिलबी दिली आणि आहारावर दहा मिनिटं बोलले. तिसऱ्या भोकासाठी त्यांना पलंगावर आडवं पडून, श्वास ओढून पट्टा लावावा लागला. पण लागला. दिवसभर ते छातीत हवा भरून फिरत होते आणि बोलताना आवाज बारीक येत होता.

चौथं भोक म्हणजे पट्ट्याचं मूळचं. ते आणखी पाव इंच आत होतं, आणि तो पाव इंच काही केल्या येईना. पंधरा दिवस गेले. सरोजबाईंचा नववा आठवडा संपला. शेवटी एका सोमवारी दुपारी त्यांनी मन घट्ट केलं: दाटीवाटीने का होईना, अजून एक भोक कुठेतरी बसवायचं. भजन आटोपून त्या घरी आल्या, पंच काढला, पट्टा हातात घेतला आणि मोजला.

एक भोक जास्त होतं.

त्यांनी पुन्हा मोजलं. शेवटचं जुनं भोक आणि त्यांचं पहिलं नवं भोक यांच्यामध्ये, जिथे बोटाचं टोकही टेकणार नाही अशा जागेत, आणखी एक भोक उमटलं होतं. तिरपं, कडेला फाटलेलं, ओबडधोबड. गुणाजींची काडी आहे त्याच भोकात राहिली तरी नंबर चौथा होत होता. सरोजबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी पट्टा डोळ्यांना लावला. गजानन धावून आला होता. कामात सफाई नव्हती, पण देवाकडे पंच नसावा.

दुसऱ्याच दिवशी मंगळवार होता. सरोजबाईंनी वन्संना फोन केला. "झाली चार. टिटवाळ्याला येताय ना?"

कल्याणहून तिघं रिक्षाने निघाले. मोहन्याच्या रस्त्याला लागल्यावर रिक्षा खड्ड्यातून खड्ड्यात जाऊ लागली, आणि मध्ये बसलेले गुणाजी श्वास आत ओढून, डोळे मिटून, एखाद्या योग्यासारखे बसून राहिले.

"गुणा, बोलत का नाहीस?" रंगूबाईंनी विचारलं.

गुणाजींनी बोटाने वर, देवाच्या दिशेने, खूण केली.

देवळाजवळ उतरल्यावर रंगूबाईंनी पहिला नियम सांगितला: चामड्याचा पट्टा देवासमोर न्यायचा नाही. आणि पट्टा तर तपासलाच पाहिजे. तेव्हा तपासणी बाहेरच, चपला ठेवतात तिथे. लक्ष्मी नावाची एक फुलवाली तिथे हार विकता विकता लोकांच्या चपलाही सांभाळायची. तिच्या टोपल्यांशेजारी गुणाजी उभे राहिले. पलीकडे चहाची टपरी होती. सरोजबाईंनी तिच्याकडे पाठ केली. अजून दोन मिनिटं.

रंगूबाईंनी चष्मा लावला आणि भावाच्या शर्टाचं टोक वर केलं. "एक, दोन, तीन..." त्या थांबल्या. "ही इतकी जवळ जवळ का आहेत?"

"फॅशन आहे," सरोजबाई म्हणाल्या.

"चार. बरोबर." रंगूबाईंनी मान वर केली. "आता श्वास सोड."

गुणाजींनी मान हलवली. नाही.

"सोड म्हणते ना. देवाच्या दारात श्वास रोखून पोट दाखवतात का? लबाडी आहे ती."

गुणाजींनी बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. थोरल्या बहिणीचं त्यांनी जन्मात मोडलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला.

टर्र!

आवाज फार मोठा नव्हता. काडी चौथ्या भोकातून निघाली ती तिसऱ्यात, तिथून दुसऱ्यात, पहिल्यात, मधल्या सगळ्या भिंती पाडत, आणि दोन महिन्यांपूर्वी जिथे होती त्या शेवटच्या भोकाच्या कडेला जाऊन उभी राहिली. चार अधिक एक भोकांची मिळून एक लांबलचक चीर झाली होती. पँटीचं बटण श्वास ओढलेल्या पोटावर लावलेलं होतं. तेही निघून लक्ष्मीच्या शेवंतीत पडलं. गुणाजींनी दोन्ही हातांनी पँट धरली.

रंगूबाई वाकल्या, पुन्हा मोजलं आणि सरळ झाल्या. "एक."

"काय एक?" सरोजबाईंनी विचारलं.

"भोक. एकच आहे."

लक्ष्मीनेही मान लांब करून पाहिलं. "अगो बाय, ह्यो तं खरंच एकच हाय!"

"वन्सं, आत्ता तुम्हीच मोजलीत ना चार?"

"मोजली. आता नाहीत. चारांचं एक झालं." यात अद्वैत होतं, पण सोय नव्हती.

"त्यातलं एक तर माझंच होतं," गुणाजी खाली बघत म्हणाले.

सरोजबाई गर्रकन वळल्या. "म्हणजे?"

"काल तू भजनाला गेलीस तेव्हा. खिळ्याने पाडलं. आपल्या सुमितचं ते व्यायामाचं लोखंड आहे ना, त्याने ठोकलं. चष्मा नव्हता लावला. लावला असता तर स्वतःला लबाडी करताना बघावं लागलं असतं." पोराच्या डंबेलचा असा उपयोग प्रथमच झाला होता. "तू परवा दुपारी झोपेत बोललीस, 'आलं जरा जास्त किसा.' मला बघवेना गं. पण एकच हं! बाकीची तीन माझ्या घामाची आहेत."

"ती तीन माझ्या पंचाची आहेत," सरोजबाई म्हणाल्या.

"कुठले पंच?"

"कल्याणहून आणलाय. फिरकीचा."

गुणाजींना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मी मुळीच उतरलो नाही?"

"चढला असाल."

गुणाजींचा चेहरा पडला. जिलबी, ते भाषण, सगळं त्यांना आठवत असावं. सरोजबाईंना त्यांची दया आली. आपल्यासाठी या माणसाने जन्मात पहिल्यांदा खिळा ठोकला, म्हणून भरूनही आलं. आणि देवाने पाडलेलं भोक नवऱ्याने पाडलेलं निघालं याचं वाईट वाटलं, ते वेगळंच.

रंगूबाईंना मात्र काहीही वाटलं नाही. "म्हणजे दोघांनी मिळून देवाला फसवलंत."

"फसवलं कुठे? शब्दाला महत्त्व, असं तुम्हीच म्हणालात. शब्द भोक होता."

"मग शब्दाप्रमाणेच चालू. चार आहेत? नाहीत. नवस फिटला? नाही. नवा पट्टा आणा आणि पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून. सरोजबाईंनी टपरीकडे पाहिलं. टपरीवाला पातेल्यात आलं ठेचून टाकत होता. उकळी वर आली, त्याने गॅस बारीक केला, ती खाली गेली, पुन्हा वर आली. नऊ आठवडे. त्यांनी गुणाजींच्या पोटाकडे पाहिलं. ते आता मोकळं झालं होतं आणि उन्हात छान विसावलं होतं. त्याला कशाचीच झळ लागलेली नव्हती. डोकं ठणकलं सरोजबाईंचं, पोळपाट गेला सरोजबाईंचा. पोट ज्याचं आहे त्याने काही सोडावं, हा विचार नऊ आठवड्यांत कुणाला शिवलादेखील नव्हता. खुद्द त्यांनाही नाही.

त्या कळसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"देवा गजानना, पोट ह्यांचं, पट्टा ह्यांचा, वडे खाल्ले ह्यांनी. सोडलं मात्र मी. तेव्हा माझा चहा मी आजपासून परत घेतला. त्याच्या जागी ह्यांनी वडापाव सोडला."

"मी?" गुणाजी म्हणाले.

"असं दुसऱ्याच्या वतीने सोडता येत नाही!" रंगूबाई ओरडल्या.

"का हो वन्सं? दुसऱ्याच्या पोटासाठी सोडता येतं, मग दुसऱ्याच्या वतीने का नाही?"

नवसाच्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या कारभारात हा प्रश्न आलेला नव्हता. लक्ष्मी हार गुंफायची थांबून ऐकत होती. शेवटी रंगूबाईंनी भावासाठी जमेल तेवढं केलं. "वडापाव एकदम जड जाईल त्याला. गुणा, तू दुधी सोड."

गुणाजींचा चेहरा उजळला.

"दुधी ते आता रोज खाणार आहेत," सरोजबाई म्हणाल्या.

"किती भोकांपर्यंत?" गुणाजींनी अगदी हळू विचारलं.

"भोकं संपली. आता इंच. आणि टेप कुठून लावायची ते मी ठरवणार."

एवढं बोलून त्या टपरीवर गेल्या. टपरीवाल्याने विचारलं, "साखर कमी?" "सगळं जास्त," त्या म्हणाल्या. पहिला घोट त्यांनी जिभेवर धरून ठेवला, डोळे मिटले आणि काही वेळ त्या तिथे नव्हत्याच. रंगूबाई दोन मिनिटं रागाने लांब उभ्या राहिल्या, मग येऊन बाकावर बसल्या, कारण गुडघा दुखत होता. सरोजबाईंनी त्यांच्याही हातात एक ग्लास दिला आणि स्वतःसाठी दुसरा सांगितला.

तेवढ्यात शेजारच्या कढईतून वड्यांचा घाणा निघाला. टपरीवाल्याने झाऱ्यावरचा एक गरमागरम वडा पावात घालून गुणाजींपुढे धरला. "घ्या काका, पहिल्या घाण्याचा आहे."

गुणाजींनी वड्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. दोन्ही हात पँटीला होते. ते तसेच ठेवून त्यांनी मान वळवली, आणि नवसाचा पहिला दिवस तरी अत्यंत निष्ठेने पाळला.